मुलींनाच का शिकवायचं?

जून २०१५मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात एका चाचणीचे निष्कर्ष छापून आले. चाचणी औषधाची नव्हती, एका शिकवणीची होती. कॅनडातल्या विंडसर, ग्वेल्फ आणि कॅल्गरी या तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या ८९३ मुली त्यात स्वेच्छेने सहभागी झाल्या होत्या. कोण कुठल्या गटात जाणार हे निव्वळ योगायोगावर सोडून त्यांचे दोन गट पाडले. ४५१ जणींना प्रत्येकी तीन तासांची चार सत्रं मिळाली. उरलेल्या ४४२ जणींना विद्यापीठं एरवी वाटतात तशी माहितीपत्रकं. वर्षभरानंतर दोन्ही गटांकडून माहिती घेतली, तेव्हा माहितीपत्रकांवर राहिलेल्या गटात बलात्काराचं प्रमाण ९.८ टक्के निघालं, तर बारा तासांचा कार्यक्रम केलेल्या गटात ५.२ टक्के. बलात्काराच्या प्रयत्नांचं प्रमाण ९.३ टक्क्यांऐवजी ३.४ टक्के. साध्या हिशेबात सांगायचं तर बावीस मुली हा कार्यक्रम शिकल्या की वर्षभरात एक बलात्कार टळतो. या आकड्यांचं मोल कळायला आधीची परिस्थिती पाहावी लागते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रातल्या संशोधकांनी २०१४मध्ये लैंगिक हिंसा रोखण्याच्या कार्यक्रमांची १४० मूल्यमापनं तपासली होती. हिंसेच्या वर्तनात खरोखर घट झाल्याचं भक्कमपणे दाखवता आलं असे उपाय त्यांना फक्त तीन सापडले, आणि त्यातला एकही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी बेतलेला नव्हता.

तरीही या कार्यक्रमाचं एकमुखाने स्वागत झालं नाही. निबंध ज्या नियतकालिकात छापला गेला तिथेच, त्याच्या जोडीला आलेल्या संपादकीयात कॅथलीन बेसिल यांनी आक्षेप नोंदवला: केवळ संभाव्य बळींना शिकवलं तर हिंसा रोखण्याची जबाबदारी त्यांच्याच गळ्यात पडते आणि हिंसा करणारा नजरेआड होतो. हा आक्षेप स्त्रियांच्या बाजूने उभं राहून घेतलेला आहे, म्हणून त्याला गंभीरपणे उत्तर द्यायला हवं. माझ्या मते तो या कार्यक्रमाला लागू पडत नाही. का पडत नाही, हे त्यातलं सगळ्यात वादग्रस्त सत्र, म्हणजे लैंगिकतेचं सत्र, नीट पाहिलं की उलगडतं.

विंडसर विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ शार्लीन सेन यांनी हा कार्यक्रम अनेक वर्षं खपून घडवला. ‘फ्लिप द स्क्रिप्ट’ या नावाने तो ओळखला जातो. त्याचा पाया पॅट्रिशिया रोझी आणि मेरी कॉस यांच्या २००१च्या मांडणीत आहे. या कॉसबाईंनीच १९८७मध्ये अमेरिकेतल्या ३२ शिक्षणसंस्थांमधल्या सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध करून दाखवून दिलं होतं, की विद्यार्थिनींवर जबरदस्ती करणारे बहुतेक पुरुष त्यांच्या ओळखीचेच असतात. अंधाऱ्या गल्लीत दबा धरून बसलेला अनोळखी माणूस हा अपवाद. नेहमीचा माणूस म्हणजे वर्गातला मित्र, मैत्रिणीचा भाऊ, आवडू लागलेला कुणीतरी. म्हणून पहिल्या सत्रात मुली धोका ओळखायला शिकतात, आणि धोका म्हणजे स्वतःचे कपडे किंवा घरी परतण्याची वेळ असं तिथे कुणी सांगत नाही. समोरच्याचं वागणं न्याहाळायचं असतं: तो तुला इतरांपासून बाजूला काढू पाहतोय का, एकदा नको म्हटल्यावर पुन्हा पुन्हा विचारतोय का, तुझ्या हातातला ग्लास सतत भरतोय का. दुसरं सत्र मनातल्या अडथळ्यांचं. अनोळखी माणसाने दंड धरला तर ओरडेन असं जवळपास प्रत्येकजण म्हणते. तेच मित्राने केलं तर मात्र ‘त्याला वाईट वाटेल’, ‘उगाच तमाशा होईल’, ‘मीच जास्त ताणतेय का’ असे प्रश्न आधी उभे राहतात. ते मनात घोळत असताना जी मिनिटं जातात, तीच समोरच्याला हवी असतात. तिसऱ्या सत्रात शब्दांनी आणि शरीराने प्रतिकार करण्याचा सराव असतो. रडून, गयावया करून फारसं काही साधत नाही. जोरात ओरडणं, ढकलणं, निसटणं यांचा उपयोग होतो आणि त्यामुळे इजा होण्याची शक्यता वाढत नाही, हे त्याआधीच्या संशोधनातून पुढे आलेलं होतं.

चौथं सत्र लैंगिकतेचं आणि नात्यांचं. पुष्कळांना हे सत्र अनावश्यक वाटतं, काहींना आक्षेपार्ह. बलात्कार रोखायचा आहे, मग मुलींशी सुखाबद्दल बोलायचं कशाला? पण या सत्राचं काम बाकीच्या तिन्ही सत्रांच्या तळाशी चालू असतं. आपल्याला काय आवडतं, काय नको, कुणाबरोबर, कोणत्या टप्प्यावर, याचा विचार मुली शांतपणे, कुणाचाही दबाव नसताना करतात, आणि तो जोडीदाराला कसा सांगायचा याचा सराव करतात. जिने हा विचार कधी केलेलाच नाही, तिच्यासमोर त्या क्षणी एकच इच्छा स्पष्ट असते, ती म्हणजे त्याची. ती फक्त त्या इच्छेला होकार किंवा नकार देऊ शकते, आणि नकार द्यायचा म्हणजे ज्याच्याशी नातं हवं आहे त्यालाच दुखवायचं. जिला स्वतःची रेघ ठाऊक आहे, तिला ती ओलांडली जात असल्याचं लवकर कळतं. चुंबन हवं होतं, पुढचं नको होतं, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि पहिल्याला होकार दिला म्हणून दुसरं देणं लागत नाही. हे उमगायला लागणारा वेळ जितका कमी, तितका प्रतिकार लवकर सुरू होतो. सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या चाचणीआधी, २०११मध्ये, लैंगिकतेच्या सत्रासह आणि त्याविना अशी कार्यक्रमाची दोन रूपं पडताळून पाहिली होती. दोन्हींचा उपयोग झाला, पण काही निकषांवर लैंगिकतेच्या सत्राने भर घातली. म्हणून ते अंतिम कार्यक्रमात राहिलं.

आता मूळ आक्षेपाकडे वळू. मुलींना शिकवलं म्हणजे दोष त्यांच्यावर गेला का? तर्काने याचं उत्तर काहीही देता येईल. पण हा प्रश्न मोजता येण्यासारखा आहे आणि तो मोजला गेला. कार्यक्रम केलेल्या मुलींमध्ये ‘बाईनेच ओढवून घेतलं’ छापाच्या समजुती कमी झाल्या, आणि हा बदल दोन वर्षांनंतरच्या पाहणीतही टिकून होता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कार्यक्रम करूनही ज्यांच्यावर पुढे अत्याचार झाला, त्यांनी दुसऱ्या गटातल्या पीडितांच्या तुलनेत स्वतःला कमी दोष दिला. ‘शिकवलं होतं ना, मग का नाही थांबवलंस?’ ही टोचणी त्यांना लागेल अशी टीकाकारांना भीती होती. प्रत्यक्षात उलटं घडलं. याचं कारण शिकवण्याच्या पद्धतीत आहे. अपराध कुणाचा हे पहिल्या तासालाच, आडवळणं न घेता सांगितलं जातं. रात्री बाहेर पडू नको, अमुक घालू नको असा सल्ला मुलीचं जग आक्रसून टाकतो. या कार्यक्रमात तिच्या हालचालींवर एकही बंधन घातलं जात नाही. चाचणीत सामील झालेल्या जवळजवळ एक चतुर्थांश मुलींनी विद्यापीठात येण्याआधीच बलात्कार सोसलेला होता. मुलगे सुधारेपर्यंत तुम्ही थांबा, असं त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं?

मुलग्यांना शिकवायला हवंच, याबद्दल दुमत नाही. पण मुलग्यांसाठी घेतलेल्या तासाभराच्या व्याख्यानांनी मतं थोडी बदलतात, वागणं बदलल्याचा पुरावा मिळत नाही, हे त्या १४० मूल्यमापनांनी दाखवलंच आहे. तिथेही दीर्घ, चिकाटीचं काम लागेल, आणि ते फळाला येईपर्यंतच्या वर्षांत विद्यापीठात येणाऱ्या मुलींचा विचार कुणीतरी करायचा आहे. याहून अवघड प्रश्न दुसरा आहे: एका मुलीने प्रतिकार केला तर तो पुरुष दुसरी गाठणार नाही का? या चाचणीत ते मोजलेलं नाही, आणि कार्यक्रमाच्या समर्थकांनी हे झाकून ठेवू नये. मात्र या प्रश्नाचा निष्कर्ष ‘म्हणून कुणालाच शिकवू नका’ असा निघत नाही. अधिक मुलींना शिकवा असाच निघतो.

इथे महाराष्ट्राचा विषय ओघानेच येतो. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमलेल्या कृतिगटाचा ‘सक्षम’ अहवाल २०१३मध्ये आला. सुरक्षेच्या नावाखाली विद्यार्थिनींवर पहारे बसवणं हा उपाय नव्हे, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. पुढे आयोगाचे २०१५चे नियम आले, अंतर्गत तक्रार समित्या सक्तीच्या झाल्या. बोलीत आपण त्यांना अजून विशाखा समिती म्हणतो. पण समितीचं काम घटना घडून गेल्यावर सुरू होतं. आधीचं काम म्हणून आपल्याकडे काय होतं? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयांत ‘निर्भय कन्या अभियान’ चालतं. अशा कार्यशाळांचा साचा ओळखीचा आहे: दीपप्रज्वलन, कायद्यावर एक व्याख्यान, आरोग्यावर एक, आणि कराटेची प्रात्यक्षिकं. हेतू चांगला आहे, पण कराटेतला प्रतिस्पर्धी अनोळखी असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत नोंद झालेल्या बलात्कारांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलीच्या ओळखीचा असल्याचं वर्षानुवर्षं दिसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की लैंगिक हिंसा सोसलेल्या विवाहित स्त्रियांपैकी बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत हिंसा करणारा नवराच असतो, आणि नवऱ्याची जबरदस्ती आपला कायदा आजही बलात्कार मानत नाही. पदवी हातात पडल्यावर वर्ष-दोन वर्षांत ज्यांची लग्नं होणार आहेत, अशा हजारो मुलींना आपण ठोसा मारायला शिकवतो. ‘मला हे नकोय’ हे वाक्य घरातल्या माणसाला कसं म्हणायचं, ते मात्र शिकवत नाही.

आणि या मुली कोऱ्या पाटीनेच येतात. २००७मध्ये लोकप्रतिनिधींच्या विरोधानंतर महाराष्ट्र सरकारने शाळांतला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला होता. असं शिक्षण दिलं की मुलं बिघडतात, हा तेव्हाचा युक्तिवाद आजही पालकसभांत ऐकू येतो. लैंगिक शिक्षणाने शरीरसंबंध लवकर सुरू होत नाहीत, हे युनेस्कोने जगभरचे अभ्यास एकत्र करून सांगितलं आहे. सप्टेंबर २०२४मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही या गैरसमजाचा उल्लेख करून सर्वंकष लैंगिक शिक्षणाची गरज बोलून दाखवली. हे सगळं पाश्चात्य खूळ आहे असं म्हणणाऱ्यांनी गिरगाव आठवावं. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, या कार्यापायी विल्सन महाविद्यालयातली प्राध्यापकी गमावली, आणि १९२७पासून १९५३मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. स्त्रीलाही कामसुखाचा हक्क आहे, हे त्यांनी मराठीतच मांडलं आणि त्यासाठी अश्लीलतेचे खटले झेलले. त्यांच्या वडिलांनी, महर्षी कर्व्यांनी, १९१६मध्ये स्त्रियांसाठी विद्यापीठ स्थापलं. वडिलांचं काम आपण डोक्यावर घेतलं आणि मुलाचं काम अभ्यासक्रमाच्या बाहेर ठेवलं.

कॅनडाचा कार्यक्रम जसाच्या तसा उचलून इथे चालणार नाही. तिथल्या उदाहरणांत पार्ट्या आहेत, वसतिगृहात मुलगे-मुली शेजारी राहतात, इथे एस.टी.चा प्रवास आहे, क्लासचे सर आहेत, आतेभाऊ आहे, ठरलेल्या लग्नातला होणारा नवरा आहे. प्रसंग नव्याने लिहावे लागतील, आणि ते मराठीतच लिहायला हवेत, कारण शरीराबद्दल आणि नको असलेल्या स्पर्शाबद्दल मराठी मुलीला आधी स्वतःच्या बोलीत बोलता यायला हवं. दोन गोष्टी मात्र सोडून चालणार नाही. पहिली म्हणजे वेळ. बारा तास पुष्कळ वाटतात, प्राचार्यांना वेळापत्रक दिसू लागतं. पण एका सहामाहीतले चार शनिवार एवढीच ही मागणी आहे, आणि कॅनडात दहापैकी नऊ मुली चारपैकी किमान तीन सत्रांना आल्या होत्या. त्या कंटाळल्या नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे शिकवणारी व्यक्ती. तिथे सत्रं घेणाऱ्या तरुणी होत्या, वयाने मुलींच्या जवळच्या, महिनोन्‌महिने नव्हे पण कसून प्रशिक्षण घेतलेल्या. आपल्याकडे हे काम हजेरी घेणाऱ्या, अंतर्गत गुण देणाऱ्या आणि तक्रार समितीवरही बसणाऱ्या प्राध्यापिकेकडे सोपवलं, तर तिच्यासमोर कुणी तोंड उघडणार नाही. समाजकार्याच्या महाविद्यालयांत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुलींना क्षेत्रकार्य करावंच लागतं. त्यांना प्रशिक्षण देऊन, क्षेत्रकार्याचे तास म्हणून ही सत्रं मोजली, तर ‘निर्भय कन्या’च्या एका दिवसाचे चार शनिवार करायला विद्यापीठांना नवं पदही निर्माण करावं लागणार नाही.