जंगलापासून आश्रमशाळेपर्यंत

नाशिकच्या डांगाने, म्हणजे पश्चिमेच्या डोंगरपट्ट्याने, १८७८ हे साल विसरू नये. त्या वर्षी नवा वन कायदा आला, आणि त्याच वर्षी पेठ संस्थानची बेगम वारली व ते संस्थान इंग्रजी जिल्ह्याचा तालुका झालं. पेठच्या गादीच्या दावेदाराला तर इंग्रजांनी १८५७ च्या उठावातच फासावर चढवलं होतं. पुढे जंगल राखीव होत गेलं. राबासाठी, म्हणजे भाताची रोपवाटिका भाजायला, फांद्या तोडणं, गुरं चारणं हे कोकणा, वारली, महादेव कोळ्यांचं रोजचं जगणं गुन्हा ठरू लागलं. शाळा काढायची घाई मात्र सरकारला नव्हती.

आदिवासी मुलांच्या निवासी शाळा म्हटलं की कॅनडा आठवतो. तिथे सरकार आणि चर्च यांनी सुमारे दीड लाख मूलवासी मुलं निवासी शाळांत घातली, कित्येकांना आईबापांपासून ओढून नेलं. मातृभाषा बोलली की शिक्षा. २००८ मध्ये पंतप्रधान हार्पर यांनी संसदेत माफी मागितली. आपल्याकडे तशी सक्ती झाली नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. दादासाहेब बिडकरांनी १९३७ मध्ये डांग सेवा मंडळ काढलं ते सेवेच्या तळमळीने. १९७२-७३ नंतर आदिवासी मुलांसाठीच्या सरकारी निवासी शाळा, म्हणजे आश्रमशाळा, वाढल्या. आज राज्यात शासकीय शाळाच पाचशेच्या आसपास आहेत, अनुदानित त्याहून थोड्या जास्त, आणि या सगळ्याचं आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकलाच.

पण मुलं घर सोडून शाळेत राहतात ती का? सुरगाणा-पेठची माणसं भात काढून झाला की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. पाड्यावर मुलांना सांभाळणार कोण? ज्या जंगलावर वर्ष निघायचं ते हातून गेलं, म्हणून स्थलांतर. आणि स्थलांतर, म्हणून वसतिगृह. सक्ती कायद्याने नव्हे, पोटाने केली. २००६ चा वनहक्क कायदा आला तरी दावे रखडले, आणि २०१८ मध्ये हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेले.

वर्गातली भाषा प्रमाण मराठी. कोकणा बोलणारं सहा वर्षांचं पोर तिथे गप्प बसतं आणि ‘मंद’ ठरतं. शक्य तिथे मातृभाषेतून शिकवा, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. अंमल कुठे दिसतो?

आयुक्तालयाने निदान पहिली-दुसरीला मुलांची बोली येणारा शिक्षक द्यावा, आणि ती नेमणूक कंत्राटी नसावी.