बारा व्होल्ट, वीस अँपिअर

बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून आपण ते गृहीत धरतो. घरातल्या २३० व्होल्टच्या बोर्डाला हात लावताना पायात चप्पल आहे ना हे बघणारा माणूस बॅटरीच्या तारा मात्र नुसता पीळ मारून, वर टेप गुंडाळून मोकळा होतो. इथे धोका झटक्याचा नाहीच, आगीचा आहे.

हिशोब करून बघू. १०० वॅटचा एचएफ सेट बोलताना १३.८ व्होल्टवर साधारण २० अँपिअर खेचतो, म्हणजे २७६ वॅट. एवढीच शक्ती २३० व्होल्टवर घेतली तर प्रवाह जेमतेम १.२ अँपिअर. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे त्याच तारेत ती सुमारे पावणेतीनशे पट होते! एखाद्या सैल जोडात ०.०५ ओहम रोध असला तरी तिथे २० वॅट जळतात. म्हणजे टेपच्या आत आपण जवळजवळ सोल्डरिंग आयर्नच ठेवली की.

तार किती जाड हवी? बॅटरी ते सेट ३ मीटर धरा. जाऊन-येऊन ६ मीटर. १ चौरस मिलिमीटरच्या तारेत दोन व्होल्टच्या वर पडतात आणि बोलायला बटण दाबलं की सेट बंद पडतो. ६ चौरस मिलिमीटरला साधारण ०.४ व्होल्ट. तीच घ्यावी. तापकीर गल्लीत वायर घेताना टोक ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची. ती परत द्या.

आता फ्यूज. तो सेटसाठी असतो असं पुष्कळांना वाटतं. मुख्यतः तो तारेसाठी असतो. म्हणून त्याची जागा बॅटरीपाशी, प्लसच्या टोकापासून वीतभर अंतरात. इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची बॅटरी शॉर्ट झाली तर हजारावर अँपिअर सोडू शकते. फ्यूज सेटच्या टोकाला लावला, तर मधली सगळी तार उघड्यावरच राहिली ना! या जोडणीला २५ किंवा ३० अँपिअरचा पुरतो. उडाला की तिथे तारेचा तुकडा घालायचा नाही, कारण शोधायचं.

कनेक्टरबद्दल एक गोष्ट आम्ही हट्टाने सांगतो: बारा व्होल्टला घरातली टू-पिन किंवा थ्री-पिन कधीही लावू नका. स्वस्त असते, मिळते कुठेही, मान्य. पण घरातलं कुणीतरी सहज ती भिंतीतल्या सॉकेटमध्ये घालणार, आणि मग सेट गेला हे नशीब म्हणायचं. माणूसही जाऊ शकतो. अँडरसन पॉवरपोल घ्या. त्याची दोन्ही टोकं सारखीच असतात, नर-मादीची भानगड नाही, आणि धातू आत दडलेला राहतो. फक्त लाल-काळ्याची मांडणी ग्रुपमध्ये सगळ्यांची एकच हवी. किल्लारीला १९९३ मध्ये किंवा भूजला २००१ मध्ये हॅम मंडळी गेली, तशा ठिकाणी एकाची बॅटरी दुसऱ्याच्या सेटला लागावी लागते. तिथे रात्री टॉर्चच्या उजेडात प्लस-मायनस शोधत बसणार का?

बॅटरीच्या टोकांना थिंबल नीट क्रिंप करून लावा. बोटातली अंगठी आणि हातातलं कडं आधी काढून ठेवा. सगळं झालं की डमी लोडवर पाच मिनिटं पूर्ण पॉवर द्या, बंद करा आणि प्रत्येक जोडाला बोट लावून बघा. जो चटका देईल तो कापून पुन्हा करायचा.