थायरॉइड कॅन्सरनंतरचा फॉलोअप स्कॅन : रिपोर्ट हातात आल्यावर काय पाहावे?

थायरॉइडच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले, रेडिओआयोडीनचा डोसही घेऊन झाला. आता सहा महिन्यांनी किंवा वर्षाने फॉलोअप तपासण्या झाल्या आहेत आणि तुम्ही रिपोर्टची वाट पाहत आहात. ऑपरेशनपेक्षा हे दिवस जास्त जड गेले, असे सांगणारे रुग्ण आम्हाला नेहमी भेटतात. त्यात हल्ली रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी तुमच्या मोबाईलवर येतो आणि त्यातल्या एका शब्दापायी सगळे घर रात्रभर जागे राहते.

खालील माहिती पॅपिलरी आणि फॉलिक्युलर या प्रकारांसाठी आहे. मेड्युलरी प्रकारच्या पेशी आयोडीन घेत नाहीत. तिथे आयोडीन स्कॅनचा उपयोग होत नाही, कॅल्सिटोनिन आणि सीईए या रक्ततपासण्या पाहतात.

एक रिपोर्ट म्हणजे निकाल नव्हे

फॉलोअपचा निकाल तीन गोष्टी एकत्र पाहून ठरतो : रक्तातील थायरोग्लोब्युलिन, मानेची सोनोग्राफी आणि गरज असल्यास आयोडीन स्कॅन. हा स्कॅन प्रत्येकाला दर वर्षी लागत नाही. धोका कमी असलेल्या अनेक रुग्णांमध्ये रक्ततपासणी आणि सोनोग्राफी पुरेशी असते. त्यामुळे 'माझा स्कॅन का केला नाही?' ही काळजी बहुतेक वेळा अनाठायी ठरते.

थायरोग्लोब्युलिन हे प्रथिन फक्त थायरॉइडच्या पेशी बनवतात, मग त्या निरोगी असोत वा कॅन्सरच्या. पूर्ण ग्रंथी काढून रेडिओआयोडीन दिल्यावर ते जवळपास शून्यावर यायला हवे. गोळी चालू असताना ०.२ नॅनोग्रॅमपेक्षा कमी, किंवा टीएसएच वाढवून केलेल्या तपासणीत १ पेक्षा कमी, आणि सोनोग्राफी स्वच्छ, असा निकाल उत्तम समजला जातो. अर्धीच ग्रंथी काढली असेल तर हे आकडे तुम्हाला लागू नाहीत.

त्याच कागदावर अँटी-थायरोग्लोब्युलिन अँटिबॉडी हा आकडाही शोधा. साधारण चार-पाच रुग्णांपैकी एकाला या अँटिबॉडी असतात आणि त्यांच्यामुळे थायरोग्लोब्युलिन खोटेच कमी दिसू शकते. अशा वेळी डॉक्टर अँटिबॉडी वर्षागणिक उतरत आहेत की चढत आहेत, हे पाहतात. तपासणी दर वेळी एकाच लॅबमध्ये करा, कारण लॅब बदलली की आकडाही थोडा बदलतो आणि उगाच घाबरगुंडी उडते. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्यापूर्वीच सांगा.

स्कॅनमधले काळे ठिपके

चित्रात नाक, तोंड, पोट, आतडी आणि मूत्राशय या ठिकाणी काळेपणा दिसतो. तो कॅन्सर नव्हे. लाळग्रंथी आणि पोट आयोडीन घेतात, आणि शरीर ते लघवी व शौचावाटे बाहेर टाकते. रिपोर्टमध्ये याला 'फिजिऑलॉजिकल अपटेक' म्हणतात. रुमालावरची लाळ किंवा कपड्यावर पडलेला लघवीचा थेंबही ठिपक्यासारखा उमटतो. 'थायरॉइड बेडमध्ये अपटेक' असे लिहिले असेल तर पुष्कळदा ती ऑपरेशननंतर उरलेली थोडी निरोगी पेशी असते. थायरोग्लोब्युलिन नगण्य असेल तर त्यावर सहसा काहीच करावे लागत नाही.

उलटही घडते. स्कॅन स्वच्छ, पण थायरोग्लोब्युलिन वाढलेले. काही पेशी आयोडीन घेणे सोडून देतात. किंवा तयारीत चूक झालेली असते : आयोडीनयुक्त मीठ, सुकी मासळी किंवा दूध-दही चालू राहिले, किंवा काही आठवड्यांपूर्वी सीटी स्कॅनला आयोडीनचे कॉन्ट्रास्ट दिले होते. असे काही झाले असेल तर लपवू नका. कोणी रागावणार नाही, पण स्कॅनचा अर्थ मात्र त्यामुळे बदलतो.

मानेतली गाठ

सोनोग्राफीत लहान लसिकाग्रंथी दिसणे अगदी सामान्य आहे. दात दुखला, घसा धरला तरी त्या सुजतात. गोल आकार, मधला चरबीचा भाग नाहीसा होणे, बारीक कॅल्शियमचे कण किंवा आत पाणी, ही संशयाची लक्षणे. तरीही ८ ते १० मिलिमीटरपेक्षा लहान गाठीला बऱ्याचदा सुई न लावता काही महिन्यांनी पुन्हा पाहतात. याला दुर्लक्ष समजू नका. अशा बारीक गाठी वर्षानुवर्षे तशाच राहतात, आणि मानेवर पुन्हा ऑपरेशन करण्यात आवाजाच्या नसेला धोका असतो.

टीएसएच लाल अक्षरांत का?

गोळी चालू असताना टीएसएच ०.१ च्या आसपास आला की लॅब त्याला 'कमी' म्हणून खूण करते. काही रुग्णांमध्ये तो मुद्दामच खाली ठेवलेला असतो. घाबरून किंवा दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून परस्पर गोळी कमी करू नका. स्कॅनसाठी गोळी बंद केली असेल तर हाच आकडा ३० च्या वर गेलेला दिसेल. तोही अपेक्षितच असतो.

'अनिश्चित' असे सांगितले तर

हा निकाल मनाला सर्वात जास्त छळतो : थायरोग्लोब्युलिन थोडेसे आहे, चित्रात ठोस काही नाही. यातल्या बहुसंख्य रुग्णांत नुसत्या निरीक्षणावर आकडा स्थिर राहतो किंवा आपोआप उतरतो. म्हणून लगेच दुसरा डोस देत नाहीत, सहा ते बारा महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात.

भेटीला जाताना ऑपरेशनचा बायोप्सी रिपोर्ट, रेडिओआयोडीनच्या डोसचा कागद आणि आतापर्यंतचे थायरोग्लोब्युलिनचे सगळे आकडे तारखेनुसार एका पानावर लिहून न्या. गरोदरपणाचा विचार असेल तर तो याच भेटीत बोला. मानेत नवी गाठ लागली, आवाज बसला, गिळताना अडकू लागले किंवा धाप लागू लागली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता आधी फोन करा.