‘आइज ऑन द प्राइझ’ : पहिले पर्व आणि साक्षीचा प्रश्न

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीवरील ‘आइज ऑन द प्राइझ’ या माहितीपट-मालिकेचे पहिले पर्व जानेवारी १९८७ मध्ये तेथील ‘पीबीएस’ या सार्वजनिक दूरचित्रवाणी जाळ्यावरून प्रसारित होऊ लागले. सहा भागांच्या या पर्वात १९५४ ते १९६५ हा कालखंड येतो. एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाची मिसिसिपीतील हत्या व माँटगोमेरीचा बसबहिष्कार यांपासून सुरू झालेले कथन सेल्मा येथील मतदानहक्काच्या लढ्यापाशी थांबते. प्रस्तुत लेखात या पर्वाच्या आशयापेक्षा त्यातील पुराव्याच्या पद्धतीचा विचार केला आहे.

मालिकेचे निर्माते हेन्री हॅम्प्टन हे १९६५ साली स्वतः सेल्मा येथे गेले होते. निवेदक ज्युलियन बाँड हे तर चळवळीतील एका प्रमुख विद्यार्थी संघटनेचे पदाधिकारी. तटस्थतेविषयी शंका येणे स्वाभाविक होते. हॅम्प्टन यांनी निर्मितीगटांत कृष्णवर्णीय व गौरवर्णीय सहकारी एकत्र ठेवले, चित्रीकरणापूर्वी अभ्यासक आणि कार्यकर्ते यांना बोलावून गटाचे रीतसर अध्ययनवर्ग घेतले आणि एक कठोर नियम घातला : प्रत्यक्ष घटनेत सहभागी असलेली व्यक्तीच कॅमेऱ्यासमोर बोलेल. इतिहासकारांचे भाष्य पडद्यावर येणार नाही. (१९८८ साली दूरदर्शनवर आलेल्या ‘भारत एक खोज’मध्ये नेहरूंचे पात्र सूत्रधार होते, सहस्रावधी वर्षांच्या इतिहासाला असे साक्षीदार मिळणे शक्यच नव्हते.)

या नियमाचे सामर्थ्य चौथ्या भागात विशेष जाणवते. जॉर्जिया राज्यातील ऑल्बनी येथे १९६१-६२ मध्ये चळवळीला अपेक्षित यश आले नाही. त्याचे कारण तेथील तत्कालीन पोलीसप्रमुख लॉरी प्रिचेट यांच्याच तोंडून ऐकावयास मिळते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या कार्यपद्धतीचा त्यांनी आधीच अभ्यास केला होता. तुरुंग भरून प्रशासन ठप्प करण्याचा सत्याग्रहींचा बेत ओळखून त्यांनी आसपासच्या परगण्यांतील तुरुंगांत जागा मिळवून ठेवल्या आणि पोलिसांना उघड मारहाणीपासून परावृत्त केले. यानंतर १९६३ मधील बर्मिंगहॅमची पोलिसी कुत्री व पाण्याचे फवारे पाहताना दोन्ही शहरांतील फरक निराळा समजावून सांगावा लागत नाही. प्रतिपक्षालाही साक्षीदार मानण्याचा हा निर्णय मालिकेतील सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल.

मात्र याच नियमाची मर्यादा पहिल्या भागात दिसते. टिलचा चुलतभाऊ कर्टिस जोन्स मिसिसिपीतील दुकानापाशी घडलेला प्रसंग आपण तेथे उपस्थित असल्याप्रमाणे सांगतो. त्या दिवशी टिलबरोबर असलेला दुसरा भाऊ सिमियन राइट याने पुढे स्पष्टपणे सांगितले की, जोन्स तोपर्यंत मिसिसिपीत पोहोचलाच नव्हता. साक्षीदाराचे विधान पडद्यावर तपासणारा कोणी नसल्यामुळे ती हकीकत पुष्कळांनी प्रमाण मानली. सहभागी व्यक्तीची स्मृती हे साधन आहे; तिचीही चिकित्सा इतर साधनांप्रमाणेच झाली पाहिजे.

आणखी एक अडचण वेगळ्या प्रकारची होती. वृत्तचित्रण, छायाचित्रे व गीते यांच्या वापराचे परवाने मर्यादित मुदतीचे होते. ते संपल्यामुळे १९९० च्या दशकात मालिकेचे प्रसारण बंद पडले. फोर्ड फाउंडेशन आदींच्या अर्थसाहाय्याने परवान्यांचे नूतनीकरण होऊन २००६ मध्ये पहिले पर्व पुन्हा दाखविण्यात आले. हॅम्प्टन यांचे निधन १९९८ मध्येच झाले होते. त्यांचा संग्रह सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात आहे. मुलाखतींच्या संहिता तेथून इंटरनेटवरही उपलब्ध झाल्या असून पडद्यावर न आलेला मजकूरही त्यांत आहे. इतिहासाच्या वर्गात प्रिचेट किंवा जोन्स यांची पूर्ण मुलाखत आणि भागात ठेवलेला अंश शेजारी ठेवून वाचता येतो.