स्वस्त महाविद्यालय आणि अर्थव्यवसायाची वाट

गेल्या जून महिन्यांत आमच्या शेजारचे एक गृहस्थ मोठ्या विवंचनेंत मजकडे आले. त्यांच्या कन्येस बँक, शेअरबाजार, गुंतवणूक अशा अर्थव्यवसायांत शिरावयाचें आहे. सरकारी वाणिज्य महाविद्यालयांत तिला प्रवेश मिळत होता. पण आप्तमंडळी सांगत होती कीं, दहा लाखांचें कर्ज काढा आणि तिला बड्या खाजगी संस्थेंत घाला. स्वस्त महाविद्यालयाच्या मुलांना या धंद्यांत कोण विचारतो? मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला निवृत्त शाळामास्तर. परंतु व्याजाचें गणित तीस-पस्तीस वर्षें शिकविलें आहे. तेव्हां आम्हीं प्रथम कागद-पेन्सिल घेतली.

दहा लाखांचें कर्ज द.सा.द.शे. १० दरानें दहा वर्षांत फेडावयाचें तर दरमहा सुमारें १३,२०० रुपये भरावे लागतात. एकूण फेड १५ लाख ८५ हजारांवर जाते. पण खरी अडचण रकमेहून निराळी आहे. हा हप्ता ज्याच्या मानेवर बसला, त्याला पहिल्या दिवसापासून भरपूर पगार लागतो. अल्प विद्यावेतनावर काम शिकण्याची मुभा त्याला राहत नाहीं.

आणि या व्यवसायाचें एक मोठें दार तर अशा उमेदवारीनेंच उघडतें. सनदी लेखापालाच्या, म्हणजे सी.ए.च्या, परीक्षा साऱ्या देशाला एकच. २०२३ सालीं लागू झालेल्या योजनेप्रमाणें त्यासाठीं दोन वर्षें अनुभवी लेखापालाच्या हाताखालीं काम करावें लागतें. वाणिज्य पदवीस ५५ टक्के गुण असतील तर पहिली परीक्षा माफ होते. ती पदवी कोणत्या महाविद्यालयाची, हें कोणी विचारीत नाहीं. राष्ट्रीयीकृत बँकांच्या अधिकाऱ्यांची परीक्षा कोणत्याही मान्य विद्यापीठाच्या पदवीधरास खुली आहे. रिझर्व्ह बँकेच्या ‘ब’ श्रेणीस सर्वसाधारण उमेदवाराला पदवीचे ६० टक्के लागतात; महाविद्यालयाचें नांव लागत नाहीं.

मुंबईचें सिडनहॅम हें सरकारी महाविद्यालय १९१३ सालीं निघालें. तेथें १९१८ ते १९२० या काळांत बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. कोटक महिंद्र बँकेचे संस्थापक उदय कोटक तेथलेच विद्यार्थी. पुढें ते मुंबई विद्यापीठाच्या जमनालाल बजाज संस्थेंत शिकले. १९८५ सालीं त्यांनीं वित्तसंस्था काढली आणि २००३ सालीं तिची बँक झाली. अर्थात् त्यांचें घराणें संपन्न व्यापाऱ्यांचें. म्हणून या उदाहरणावरून इतकेंच सिद्ध होतें कीं, सरकारी महाविद्यालय वाट अडवीत नाहीं. तें हात धरून मुक्कामास नेतें, असें मात्र सिद्ध होत नाहीं.

आप्तांच्या म्हणण्यांतही तथ्य आहे. परदेशी गुंतवणूक-बँका आणि मोठ्या सल्लागार कंपन्या उमेदवार निवडण्यास ठराविक संस्थांतच जातात. सामान्य सरकारी महाविद्यालयाकडे त्या सहसा फिरकत नाहींत. व्यवसायांतील ओळखी, इंग्रजी संभाषणाचा सराव, संगणकावर हिशेब मांडण्याचें कसब हीं तेथल्या विद्यार्थ्यास स्वतःच मिळवावीं लागतात. परंतु पदवीनंतर त्याला दुसरी संधी असते. व्यवस्थापनशास्त्राच्या नामांकित संस्था प्रवेशपरीक्षा घेऊन विद्यार्थी निवडतात, आणि बजाज संस्थेसारखी विद्यापीठाची संस्थाही त्यांत आहे. कर्ज काढावयाचेंच असेल तर त्या वेळीं काढावें. तोंवर मुलाची कुवत आणि कल दोन्ही कळलेलीं असतात. सतराव्या वर्षीं तीं कोणासच ठाऊक नसतात.

हें सारें ऐकून गृहस्थांनीं विचारलें, “मास्तर, पण खात्री काय?”

मीं म्हटलें, “खात्री दोहोंकडेही नाहीं. एकीकडे हप्ता मात्र नक्की आहे.”

कन्या आतां सरकारी महाविद्यालयांत जाते, आणि संध्याकाळीं एका लेखापालाच्या कचेरींत पावत्या लावण्याचें काम शिकते. वाचलेल्या पैशांतून वडिलांनीं तिला संगणक घेऊन दिला आहे. तिची पहिली परीक्षा अद्याप व्हावयाची आहे.