नुकसानीचा धनी कोण? : इंटरनेट, सहकारी बँका आणि सुरक्षेचे अर्थकारण

गंगापूर तालुक्यातील लासूर स्टेशन ही बाजारपेठ मनमाडहून हैदराबादकडे जाणाऱ्या ज्या लोहमार्गामुळे वाढली, तो विसाव्या शतकाच्या आरंभी ज्या कंपनीने उभारला, तिच्या मूळ भांडवलावरील व्याजाची हमी हैदराबाद संस्थानाने घेतली होती; रूळ टाकण्याचा खर्च आज करावा लागतो आणि उत्पन्न मात्र अनेक वर्षांनी, तेही बेभरवशाने येते, हे त्यामागचे साधे कारण होते. इंटरनेटच्या पायाभूत सुविधांचे गणित यापेक्षा फारसे वेगळे नाही. ऑप्टिकल फायबर, म्हणजे प्रकाशाच्या स्पंदांतून माहिती वाहून नेणारा काचेचा तंतू, तुलनेने स्वस्त असतो. महाग पडते ते चर खोदणे, जमिनीतून वाट मिळवणे आणि पुढे त्याची राखण करणे. म्हणूनच २००० मध्ये स्थापन झालेल्या रेलटेल या सरकारी कंपनीने रेल्वेच्या मालकीच्या जागेतून, रुळांच्या कडेने, फायबरचे जाळे विणले आणि रेल्वेच्या गरजेपेक्षा जास्त असलेली क्षमता इतरांना विकली. ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचण्यासाठी २०११ मध्ये मंजूर झालेल्या, पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेला पैसा मिळाला तो दूरसंचार कंपन्यांच्या महसुलावरील आकारणीतून.

जाळे टाकले, तरी ते टिकवण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उरतोच. रस्ता रुंद करताना किंवा जलवाहिनी टाकताना जेसीबीच्या एका फटक्यात केबल तुटते, तेव्हा खोदणाऱ्याचे काही जात नाही. बँक, दुकाने आणि सेतू केंद्र बंद पडून बसतात. एकाच्या कृतीची किंमत दुसऱ्याला मोजावी लागणे, याला अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात. अशा तुटलेल्या केबलींमुळे देशाचे वर्षाला सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असा शासनाचा अंदाज आहे, आणि खोदण्यापूर्वी केबलच्या मालकाला कळवण्याची सोय करणारे सरकारी ॲप मार्च २०२३ मध्ये आले.

सायबर सुरक्षेत हाच पेच अधिक गुंतागुंतीचा होतो, आणि त्याचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे आहे. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, हल्लेखोरांनी बँकेच्या एटीएम स्विचला, म्हणजे कार्डावरील मागणी खात्याशी ताडून पाहणाऱ्या यंत्रणेला, बगल देणारा बनावट स्विच उभा केला. तो खात्यांकडे न वळता प्रत्येक मागणीला परस्पर होकार देत राहिला, आणि काही तासांत बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये निघून गेले. देशांतर्गत व्यवहारांतून सुमारे अडीच कोटी गेले, तर १३ ऑगस्टला स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीतून आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगमधील खात्यात वळते झाले. एकूण आकडा ९४ कोटींच्या पुढे गेला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले खरे, पण ते या साखळीतील खालच्या कड्या होत्या.

ठेवीदारांच्या खात्यांतून पैसे गेले नाहीत. भार बँकेवर पडला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १९ ऑक्टोबर २०१८ रोजी, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट जाहीर केली, आणि २०१९ च्या अखेरीस बँकेच्या डिजिटल सेवांच्या व्याप्तीनुसार चार पातळ्या ठरवल्या. हे वर्गीकरण शहाणपणाचे आहे. सुरक्षेचा बराचसा खर्च स्थिर असतो. चोवीस तास पहारा देणारी यंत्रणा मोठ्या बँकेला लागते तेवढीच छोट्या बँकेलाही लागते, मात्र तो खर्च वाटून घ्यायला छोट्या बँकेकडे खातीच कमी असतात.

त्यावर उपाय म्हणून शेकडो छोट्या बँका सामाईक तंत्रसेवा घेतात, आणि त्या स्वस्ताईची दुसरी बाजू ३१ जुलै २०२४ रोजी दिसली. टीसीएस आणि स्टेट बँक यांच्या भागीदारीतील सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवाकंपनीला रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रणालीचा, फटका बसल्याची शक्यता दिसताच राष्ट्रीय देयके महामंडळाने तिला जाळ्यापासून तोडले, आणि सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांची यूपीआयसह इतर देयके खोळंबली. निर्णय योग्यच होता. पण लासूर स्टेशनसारख्या बाजारात अशी बँक एक दिवस गप्प झाली, तर खोळंबलेल्या कांद्याच्या पट्टीची भरपाई कोणी द्यायची, हे सहसा कोणत्याच करारात लिहिलेले नसते. त्यात यूपीआय व्यवहारांवर दुकानदाराकडून घ्यायचे शुल्क जानेवारी २०२० पासून शून्य आहे. वापर वाढला तो त्यामुळेही, पण व्यवहार सांभाळणाऱ्या बँकेला त्या व्यवहारातून पहाऱ्याचा खर्च काढता येत नाही आणि ती सरकारी प्रोत्साहन रकमेवर विसंबते.

केंब्रिजचे संगणकशास्त्रज्ञ रॉस अँडरसन यांनी २००१ मध्ये दाखवून दिले होते की, एटीएममधील गैरव्यवहाराचे दायित्व अमेरिकेत बँकांवर आणि ब्रिटनमध्ये प्रत्यक्षात ग्राहकांवर पडत असे, आणि तरीही ब्रिटिश बँकांनी सुरक्षेवर अधिक खर्च करून अधिक फसवणूक सोसली. ग्राहकाची तक्रार खोटी ठरवता येत असल्याने त्यांच्यात हलगर्जी आली होती. भारतात रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार त्रयस्थाच्या घुसखोरीत, म्हणजे चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा वेळी, ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास त्याच्यावर काहीच दायित्व येत नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये हा नियम सहकारी बँकांनाही लागू झाला. मात्र ओटीपी ग्राहकाने स्वतः सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. फोनवरून भूल घालून केलेली फसवणूक नेमकी या दुसऱ्या कप्प्यात पडते, त्यामुळे संशयास्पद हस्तांतरण काही काळ थोपवून धरणारी यंत्रणा बसवण्याची निकड तिथे बँकेला कमी भासते, आणि १९३० या सायबर फसवणुकीसाठीच्या मदत क्रमांकावर वेळेत फोन करण्याचे काम ग्राहकाकडे येते.