फेरफार नसलेला सातबारा

खालापूर तालुक्यातल्या मोहोपाड्याभोवती रसायनी आणि पाताळगंगेत लहानमोठ्या कंपन्या दाटीने आहेत. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद राहणं बंधनकारक आहे; ती बंद करता येता कामा नये. डेटाबेस रचताना मात्र काही चुकीचे समज अजून तग धरून आहेत.

सगळ्यात पक्का समज असा, की टेबलात ‘कोणी बदललं’ आणि ‘केव्हा बदललं’ हे दोन रकाने ठेवले की झालं. त्यात फक्त शेवटचा बदल राहतो. समजा, ५०० किलो साठ्याचे कुणी ४५० केले, मग दुसऱ्याने ४८०. ते ४५० कायमचे गेले. ओळच पुसली, तर रकानेही गेले.

खालापूरच्या शेतकऱ्याला याचं उत्तर ठाऊक असतं. सातबारा आजची स्थिती सांगतो. ती कशी आली हे गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत सापडतं. सातबाऱ्यावरचा फेरफार क्रमांक धरून मागे जाता येतं. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) नोंद घेतो, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. डेटाबेसलाही अशी वेगळी नोंदवही हवी: कोणती ओळ, जुनी किंमत, नवी किंमत, कोण, केव्हा आणि कशाच्या आधारे.

रात्रीचा बॅकअप हे काम करत नाही. दोन बॅकअपांच्या मधे काय घडलं, ते त्यात दिसत नाही.

‘नोंद आमचं ॲप लिहितं’ हेही अपुरं. कुणी थेट डेटाबेसमध्ये शिरून आकडा बदलला, तर ॲपला पत्ता लागत नाही. म्हणून नोंद ट्रिगरने, म्हणजे बदल होताच डेटाबेस स्वतः चालवतो त्या कोडने, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये व्हावी: बदल टिकला तर नोंद टिकेल, बदल रद्द झाला तर नोंदही जाईल. इथे हमखास एक गोष्ट राहून जाते. ट्रिगरला डेटाबेसचं लॉगिन दिसतं, खुर्चीवरचा माणूस नाही. सगळे एकाच लॉगिनने येत असतील, तर प्रत्येक नोंदीवर तेच नाव. खऱ्या वापरकर्त्याची ओळख ॲपने प्रत्येक ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीला डेटाबेसकडे पोचवलीच पाहिजे. आणि ट्रिगर वाचन टिपत नाही. गोपनीय माहिती कुणी पाहिली, हे कळण्यासाठी वेगळी सोय लागते.

नोंद झाली म्हणजे ती सुरक्षित, असंही नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये टेबलाचा मालक ट्रिगर बंद करू शकतो. त्यामुळे ॲपच्या लॉगिनकडे मालकी नको; नोंदवहीत त्याला भर घालता यावी, खोडता येऊ नये. ॲडमिनचे हात मात्र याने बांधले जात नाहीत. त्यासाठी नोंदींची प्रत त्याच्या ताब्यात नसलेल्या यंत्रावर लगेच जायला हवी.